चेनला दिलेला शब्द

१ ऑक्टोबर ९६, मंगळ.
लाँड्रीत आज राजनचा निरोप. इस्त्रीवर होता. जिन्यावरून पडून पाय अधू झाला. मॅनेजरनं केक आणला, नवी बॅग दिली, खांद्यावर हात ठेवून फोटो काढला. "वी आर काइंड पीपल." दुपारच्या विमानानं गावी परत, कायमचा. राजन बसूनही इस्त्री करू शकला असता. उंच स्टूल मी वेल्ड करून देणार होतो, मापही घेतलं होतं. कोणी विचारलं नाही.
स्टोअरचे इब्राहिमभाई (रत्नागिरीचे) केक खात म्हणाले (इथं मेकॅनिकला सगळे उस्तादच म्हणतात), "उस्ताद, हय माणूस मोडला की पार्सल. खलास."

५ ऑक्टो., शनि.
दुरुस्तीसाठी पहिला ड्रम उघडला. हॉटेलांच्या चादरी धुणारे हे ड्रम, माणूस आत वाकून उभा राहतो एवढे. आत चेन, आमचा चिनी फिटर, बाहेर मी. हातातून बत्तीसचा पाना लोखंडी प्लेटवर पडला. सगळं दणाणलं. चेननं मानही वळवली नाही.
पुन्हा पाडला. मुद्दाम.
तो बाहेर आला. मी नुसता बघत राहिलो, त्यावरून त्याला कळलं. कानाला हात लावून झटकला. मग तळहाताचं विमान केलं, वर नेलं, आणि माझे दोन्ही हात धरले. इतके दिवस ओठ बघून "येस बॉस" म्हणत होता. डिग्री नाही तरी अख्खा प्लँट मला तोंडपाठ, आणि शेजारचा माणूस बहिरा आहे याचा पत्ता नाही!
खुणांनीच शब्द दिला. एक, कोणाला सांगणार नाही. दोन, तो आत असेल तेव्हा स्विचपाशी मी, दुसरा कोणी नाही. त्यानं करंगळी माझ्या करंगळीत अडकवली, मनगट फिरवून अंगठ्याला अंगठा दाबला. घट्ट. मला हसू येत होतं, आपल्याकडं पोरं करंगळीनं कट्टी घेतात. त्याचा चेहरा बघून हसलो नाही.
ही दया नव्हे. चेनसारखा फिटर या आखाती बेटावर दुसरा मिळायचा नाही.

९ ऑक्टो., बुध.
मिस लिन, चादरी मोजून घेते, चेनच्याच देशाची. इंग्रजी चांगलं. करंगळीच्या खुणेचं सहज विचारल्यासारखं विचारलं. म्हणाली, "पोरांचा खेळ. करंगळी म्हणजे गाठ, अंगठा म्हणजे शिक्का. शंभर वर्षं बदलायचं नाही."
मोठी माणसं काय करतात?
"मोठ्यांना नुसता शब्द पुरतो. तोंडातून गेला की चार घोड्यांनाही गाठता येत नाही."
चारच का? तर जुन्या रथाला चार असत म्हणून. असा तपशील हवा.
मग रोखून, "तू कोणाशी केलंस? मोठा माणूस हे उगाच करत नाही."
पुतणीला दाखवायचंय म्हटलं. खोटं न बोलण्याचं चौथं शील, मोडलं. एक लपवलं की हे असं...

१३ ऑक्टो., रवि.
मॅनेजरला सेफ्टीचं वेड लागलंय. मशीन सुरू करण्याआधी भोंगा, आत कोणी असेल तर बाहेर यावं म्हणून. वायरिंग मीच केलं, काम चोख झालंय. बटण दाबताच सगळे दचकले. चेन चहा पीत होता, पीत राहिला. मग आजूबाजूला बघून तोही दचकला. जरा उशिरा. मिस लिनचं लक्ष होतं की नाही, कळलं नाही.
मॅनेजर खूश. "उस्ताद, आता स्विचपाशी माणूस कशाला? यू गो टू रिफा." तिथं नवी शाखा. शनिवारपासून.
आपल्याच हातानं भोंगा बसवला.

१८ ऑक्टो., शुक्र.
सुट्टी. स्विचबॉक्सला पट्टी कापून कडी केली, पितळी कुलूप, किल्ली एकच. आत जाताना कुलूप लाव, किल्ली खिशात ठेव. कोणाच्या बापाला मशीन सुरू करता येणार नाही. मीच खूश.
सनाबिसला चेनच्या खोलीवर नेऊन दिलं. त्यानं उलटंसुलटं पाहिलं. चेहरा उतरला. माझ्याकडं बोट, स्वतःच्या छातीवर बोट, मग करंगळी वर. कुलूप परत माझ्या हातात. दोनदा दिलं, दोनदा परत. माझ्या मते कुलूप शब्दाहून पक्कं. त्याच्या मते कुलूप देणं म्हणजे शब्द मागं घेणं.
रिफाला जातोय हे गाडी, रस्ता काढून समजावलं. मान हलवली, हो हो. आत जायची वेळ आली की मी येईन, असं तो धरून बसलाय. मीही मान हलवली. का हलवली?

२० ऑक्टो., रवि.
रिफा. काल मॅनेजरला सांगितलं, कुठलाही ड्रम उघडायचा तर आधी मला बोलवा. "भोंगा आहे ना?" म्हणाला.
आज इब्राहिमभाईंना फोन.
"स्विचवर कोण?"
"नवा ऑपरेटर. भोंग्यावर लय खूश. उगाच पण वाजवतो."
"चेनकडं लक्ष ठेवा."
"का? काय झालं त्याला?"
जिभेवर आलं होतं. राजनचा केक आठवला.
"काही नाही."
"उस्ताद, तुम्ही त्याची आई झालाव की काय!"

२३ ऑक्टो., बुध., सकाळ
आत्ताच इब्राहिमभाईंचा फोन. तिसऱ्या ड्रमचं बेअरिंग गेलं. "चेन आत गेला. दारात तुमची वाट बघत उभा होता हो. मॅनेजर मागनं यल्ला, यल्ला, चल लवकर. शेवटी गेला."
बोललो. "इब्राहिमभाई, त्याला ऐकू येत नाही. भोंगासुद्धा नाही. पळा."
"या अल्ला." रिसीव्हर टेबलावर आपटल्याचा आवाज. चपला धावल्या.
लाइन चालू आहे. रिसीव्हर खांद्यात धरून लिहितोय, हात स्वस्थ राहत नाही. पहिला ड्रम ऐकू येतो. दुसराही. तिसरा बंद. बंदच राहू दे.
कोणीतरी ओरडतंय, शब्द कळत नाहीत.
भोंगा.
तिसरा फिरायला लागला. चेन बाहेर आला म्हणून सुरू केला असेल. असेलच.
इब्राहिमभाई अजून रिसीव्हरपाशी आले नाहीत.