तोट्यांची मासळी

दांडी, मालवण
१४ डिसेंबर १९६२

प्रिय विमल,

तुझे दादा तुझ्याकडे सुखरूप पोचले हे वाचून जीव भांड्यात पडला, आणि पुढच्याच ओळीला डोकं फिरलं. दाजी रापणकरांनी वैर साधून दादावर पोलीस घातले, त्यांच्या पाया पड आणि तक्रार मागे घ्यायला लाव, असं तू लिहितेस. विमल, त्यांनी तुला सांगितलंय तरी काय?

आपण मासे तोट्यांनी मारतो हे सांगितलं का? फोंडाघाटाकडे खडी फोडायच्या कामावरचे सुरुंगाचे तोटे चोरून आणायचे, पेटवून समुद्रातल्या खडकाळ खडपांजवळच्या पाण्यात टाकायचे. एका दणक्यात मासे पांढरी पोटं वर करून तरंगतात. मोठे तेवढे होडीत घ्यायचे. बोटाएवढी पिल्लं कुजत किनाऱ्याला लागतात. ती मासळी विकायला बाजारात बसते मी! वरून ताजी दिसते, कापली की आत नुसता रक्ताचा चिखल. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघवत नाही.

ह्यांना मी भांडून सांगितलं, रडून सांगितलं, जेवण टाकलं. उत्तर एकच, "समुद्र काय माझ्या एका तोट्यान आटतलो?" शेवटी आपल्या रापणीचे म्होरके म्हणून दाजी स्वतः घरी आले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बाबल्या, थंय माशे अंडी घालतत रे. ता घर फोडलंस तर उद्या आमी खावचा काय?" हे हसले! गेल्या आठवड्यात सगळी वाडी रापणीचं लांबलचक जाळं किनाऱ्यावर ओढायला उभी होती, म्हाताऱ्या बायकासुद्धा दोराला. जाळ्यात आलं शेवाळ आणि चार खेकडे. त्याच दुपारी खडपांकडून पुन्हा दणका ऐकू आला. तेव्हा कुठे रापणीच्या लोकांनी पोलिसांत तक्रार दिली, तीही ह्यांचं नाव न घालता.

हवालदार किनाऱ्यावर येऊन एकेकाला विचारू लागले. आदल्या दिवशी माझ्या दारात येऊन वाट्टेल ते बोलून गेलेले पुरुष वाळूकडे बघत उभे. दाजीसुद्धा! "पोरगो आमचोच," एवढंच माझ्याजवळ पुटपुटले. इतका संताप आला म्हणून सांगू!

मग मीच पुढे झाले. लग्नापासून उखाण्याशिवाय जे नाव तोंडात घेतलं नाही, ते चारचौघांत घेतलं. "माझ्या घोवान. बाबलीन." उरलेले तोटे कुठे ठेवलेत तेही दाखवलं. तोवर कुणीतरी ह्यांना सावध केलं आणि हे एसटी धरून घाटावरून तुझ्याकडे पळाले. पोराच्या काळजीने आई माझ्याशी बोलत नाहीत. पेज मात्र माझ्या वाटची झाकून ठेवतात. तेव्हा दाजींना बोल लावू नकोस. ह्यांना पोटभर जेवू घाल, पण गोदीत कामाला चिकटवू नकोस, आणि हे पत्र वाचून दाखव. नाव बायकोने सांगितलं हे त्यांना कळू दे. माझ्याशी भांडायला म्हणून का होईना, परत येऊ देत. चौकीपर्यंत मी त्यांच्याबरोबर चालत जाईन.

तुझीच वहिनी,
यशोदा