कल्पनाचं नाव दुसऱ्या कंपनीत दिसलं

८ फेब्रु. ९९, सोम.
नवा मेल सर्व्हर चालू. एमआयडीसीतल्या आपल्या सगळ्या क्लायंट कंपन्या आता एकाच मशीनवर. प्रत्येकीची नावांची डिरेक्टरी वेगळी ठेवू, म्हणजे एकीला दुसरीची माणसं दिसणार नाहीत, असं सरांना आज परत सांगितलं. "आधी चालू तर होऊ दे. वेगळं नंतर बघू." बरं.

१० बुध.
व्हॉल्व्ह कंपनीत मेल शिकवायला गेले. डिस्पॅचला कल्पना खेडकर म्हणून नवी मुलगी, पाथर्डीकडची. पटकन शिकली. डबा खाताना आपणहून बोलली. नवरा दिनकर पंप कंपनीत स्टोअरला. भुवईवर टाके आहेत, ते त्यानं मारल्याचे. म्हणून घर सोडलं, आडनावही माहेरचं लावते. "त्याला वाटतंय मी पुण्याला हाय, ताई. वाटू द्या."
पंप कंपनीही आपल्याच सर्व्हरवर. तिला बोलले नाही.

१२ शुक्र.
सकाळी पंप कंपनीच्या स्टोअरमधून फोन. गोड आवाज. "म्याडम, मेलमधी नाव शोधलं की दुसऱ्या कंपनीची मान्संबी दिसत्यात. ही कल्पना खेडकर कुठली वो?"
चुकून आलंय म्हटलं.
"चुकून कसं? व्हॉल्व्ह कंपनी लिवलंय, फोनचं एक्स्टेंशनबी हाय की." हसला. "राहू द्या. बघतो मी."
नाव विचारलं. दिनकर. तोच.
सरांना न विचारता सर्व्हर बंद केला. सर ओरडले, मग कारण ऐकून खुर्चीत बसले. म्हणाले, "क्लायंटला कळलं तर?" ह्यांना क्लायंटचं पडलंय.
कल्पनाला फोन केला. सगळं सांगितलं. म्हणाली, "मी माझंच नाव लावलं. तितंच चुकलं का, ताई?"
आमचं चुकलं म्हटलं.

१३ शनि.
सगळ्या डिरेक्टऱ्या वेगळ्या झाल्या. कल्पनाचं नाव तर काढूनच टाकलं. पंप कंपनीच्या खात्यातून कल्पना शोधून पाहिली. काही नाही. परत पाहिली. काही नाही. पण त्यानं वाचलंय ना.
कल्पना कामावर नाही. गेटवरचा वॉचमन म्हणाला, मोटारसायकलवाला एक जण तिच्याबद्दल विचारून गेला. "अशी कोन न्हाई म्हनून सांगितलं, म्याडम."


१५ सोम.
कल्पनाला घेऊन पोलीस चौकीत. हवालदार, "अजून काही केलं नाही ना त्यानं?" तिनं भुवई दाखवली. तर म्हणाला, "हे जुनं झालं."
माझ्या घरी राहायला चल म्हटलं. नको म्हणाली. "किती जागा बदलू? उद्यापासनं कामाला जानार. माझं नाव परत घाला, ताई. आमच्या कंपनीपुरतं."
घातलं.

१६ मंगळ.
पंप कंपनीच्या ऑफिसातून फोन: स्टोअरची मेलपेटी दुसऱ्याच्या नावावर करा, दिनकर शुक्रवार दुपारपासून ड्यूटीवर नाही.
लगेच व्हॉल्व्ह कंपनीत लावला. ऑपरेटर म्हणाली, "कल्पना? आत्ताच गेटवर गेली. कोणी भेटायला आलंय."
कोण? "ते नाही माहीत."
चौकीत फोन लावला, एंगेज. परत लावला, एंगेज. सर तिकडे जायला स्कूटर काढतायत. पुढं कुणी विचारलं तर कधी काय झालं ते असावं म्हणून एवढं लिहिलं. हाक मारतायत. निघते