सांगून सोडायचं

३ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

खोकला गेला असं लिहिलंस, पण औषध संपवलंस का ते लिहिलं नाहीस. कळव.

इथे आम्ही बारा मोठी माणसं, मुलांना सायकल आणि स्केटबोर्ड सुरक्षितपणे शिकवायला शिकतोय. जो कधी पडला नाही, त्याने पडणाऱ्यांना शिकवू नये, असा आम्हाला शिकवणाऱ्या बाईंचा नियम. म्हणून रोज आम्हाला स्केटबोर्डवरून नीट पडायला लावतात, गुडघे वाकवून आणि हात न टेकता. आमच्यातले निवृत्त पोस्टमन काका पडण्याआधी चष्मा काढून खिशात ठेवतात. मुलांना एवढी सवड मिळते का, असं बाईंनी विचारलं, तर चष्मा नवीन आहे म्हणाले.

माझं मात्र काल फसलं. वीस मिनिटं शिकवून दाखवायची परीक्षा होती. समोर नऊ वर्षांची मुलगी. मी ब्रेक, चेन, हवा, हेल्मेटचा पट्टा सगळं तपासलं, आणि मन भरेना म्हणून पुन्हा तपासलं. ती सीटवर बसली आणि वेळ संपल्याची शिट्टी वाजली. बाई म्हणाल्या, सायकल अगदी सुरक्षित आहे, हललीच नाही ना! पुढच्या शनिवारी शेवटची संधी. नापास झाले तर शाळेमागच्या मैदानावरचा वर्ग मला मिळणार नाही, आणि तिथे एकोणीस मुलांनी नावं दिली आहेत.

तू माझी सीट धरून धावायचीस. सोडायची वेळ झाली हे तुला कसं कळलं? धरलंय, धरलंय म्हणत होतीस आणि मी एकटीच कोपऱ्यापर्यंत गेले होते.

रागावलीस तरी चालेल, पण लगेच लिही.
तुझी,
खात्री


७ मार्च

चि. खात्रीस,
अ. आ.

औषध संपवलं. बाटली धुऊन ठेवली आहे, आलीस की तपास. लहानपणी दाराला कडी लावली का हे दहादा विचारायचीस, म्हणून आम्ही तुला हे नाव ठेवलं. तू ते इतकं मनावर घेशील असं वाटलं नव्हतं.

आता खरं सांगते. मी सीट सोडली नव्हती, माझी चप्पल तुटली होती. तोंड चालू ठेवलं, कारण गप्प झाले तर तू मागे बघशील. घरात सगळ्यांनी माझ्या युक्तीचं कौतुक केलं आणि मी करू दिलं.

आणखी एक. मला सायकल येतच नाही. येत असती तर तुझ्या मागे कशाला धापा टाकत पळाले असते? जन्मभर पायाने शिवणाचं मशीन चालवलं. ते जागचं हलत नाही हा त्याचा मोठा गुण.

तू मात्र थाप मारू नकोस, तुझे कान लाल होतात. आणि आठव, शिवण शिकताना तुझी सुई मी कधी ओवून दिली होती का?

जेवत जा, आणि माझ्या चपलेचं कोणाला सांगू नकोस.
तुझी आत्या


१४ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पास झाले!

सुईचं लक्षात ठेवलं. सायकल त्या मुलीलाच तपासायला दिली आणि मी हात मागे बांधून उभी राहिले. हे सगळ्यात अवघड गेलं. मागच्या चाकात हवा कमी आहे हे तिने एकदाच दाबून सांगितलं आणि भरलीही. मग मी तिला म्हटलं, पाच म्हणाले की सोडणार. धावले, मोजलं, पाच म्हटलं, पण हात सुटेना. पाच कधीच झाले, असं तीच पुढून ओरडली. तेव्हा सोडलं.

वळणावर ती पडली, पण गुडघे वाकवून, अगदी शिकवल्यासारखी. उठली आणि पुन्हा बसू का विचारलं. बाईंनी शेरा लिहिला की सोडायला उशीर करते, पण सांगून सोडते.

मैदानावर तुझ्या उंचीची एक सायकल आहे. सीट खाली करता येते. दोनदा पाहिलं.

वाट बघायला लावू नकोस.
तुझी,
खात्री


१८ मार्च

चि. खात्रीस,
अ. आ.

रविवारी येते. या वयात हे काय, असं शेजारीण म्हणाली. तिला म्हटलं, शिकवणारी घरचीच आहे, हसली तर कान धरीन.

नाडीचे बूट घेतले आहेत. तूही बूटच घाल, आता धावायचं तुला आहे. पाच नको, वीसपर्यंत मोज. पण वीस झाले की खरंच सोड. मी मागे वळून बघणार नाही.

तुझ्या भरवशावर निघालेली,
आत्या