रामरावांचा रेडा

राइट टाउन, जबलपूर
११ जानेवारी २०२५

प्रिय आल्हाद,

इकडे सगळं ठीक. थंडीनं आईंचा गुडघा धरलाय, पण मटार सोलायला स्वारी तयार. तुझं प्रशिक्षण कसं चाललंय? हिसारला गारठा जास्त असेल, स्वेटर घालत जा. आता म्हणशील, रोज फोन होतो, मग पत्र काहून? तर फोनवर मी तोंड उघडलं की तुला 'बाद में करता हूँ' आठवतं. कागद मध्येच कट नाही करता येत.

काल रामराव आले होते, रिछाईच्या कारखान्यांमागचे गोठेवाले. खव्याची जिलेबी घेऊन. डॉक्टरसाहेबांचा नुसता जयजयकार! नवा रेडा आणला आणि तीन म्हशी गाभण राहिल्या म्हणे. जुन्या रेड्याचा सर्रा रोग तुझ्या इंजेक्शननं बरा झाला, रक्त साफ आलं, पण बीज गेलं ते गेलंच. "माशी चावली, रक्तात किडे सोडून गेली, आन् आपल्याला पत्ताच नाही वहिनी," म्हणाले. "खात होता, म्हशीवर जात होता, अंगानं पहाड. शक कोणाला येणार?"

तुझ्याकडे यायच्या आधीच दोन म्हशी वांझ म्हणून कसायाला विकल्या होत्या ना त्यांनी. "त्या दोघींची काय चूक होती, वहिनी?" मलाच विचारून राहिले होते. मी जिलेबीचा डबा झाकून ठेवला.

गणपतीत ते पहिल्यांदा आले, तेव्हा मी चहा घेऊन दारात उभी होते. तू डाफरलास त्यांच्यावर. "म्हशींना काहून नावं ठेवता? आधी रेड्याचं वीर्य तपासा. सगळ्यात सोपी तपासणी तीच." आणि माझ्या हातातून कप घेतलास. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस.

लग्नाला सात वर्षं झाली, आल्हाद. मूल नाही म्हणून दोनदा माझ्या पोटात दुर्बीण घातली. गोळ्यांनी अंग सुजलं, तर शाळेतल्या बाया 'गुड न्यूज का?' म्हणून विचारायला लागल्या. वीस तारखेला तिसऱ्यांदा भरती व्हायचंय. मागच्या वेळी भूल उतरताना मी तुला हाका मारत होते म्हणे, नर्सनं सांगितलं. आणि तुझी तपासणी? डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दिली की "मला काय धाड भरलीय" म्हणून खिशात घालतोस. दिवसभर लोकांचे रेडे तपासणारा जनावरांचा डॉक्टर! राग येतो मला. खूप येतो. आणि त्या ऑपरेशनच्या टेबलाची भीती वाटते.

मी नाही जाणार वीस तारखेला.

आज सकाळी मटार सोलता सोलता आईंना रामरावांची गोष्ट सांगितली. नुसती रेड्याची, तुझं नाव काढलं नाही. त्यांचे हात थांबले.

"दिसायला धडधाकट होता?"

"हो आई. एकदम."

शेंगांची टोपली बाजूला सारली. मला वाटलं, आता तरी पाठीवरून हात फिरवतील. वाईट नाहीत रे त्या. दोन्ही वेळा दवाखान्यात माझ्या उशाशी त्याच बसल्या होत्या.

मग हळूच म्हणाल्या, "आल्हादला नको हं सांगू हे. त्याच्या जिवाला लागेल."

म्हणून कळवलं.

नेहा