दिघोरीचे उत्तर

३ मे
तुमसरला उतरलो आणि पहिल्याच दिवशी खोली मिळाली, काम मिळाले, देवकाबाईंच्या खानावळीत झणझणीत वांगेही मिळाले. भय्याजींची राइस मिल इथे, धानाची गोदामे सानगडी आणि दिघोरीला. तिन्ही कार्यालये जोडायची. स्वतंत्र लाइन परवडत नाही, म्हणून व्हीपीएन: साध्याच इंटरनेटमधून कुलूपबंद बोगदा, त्यातून फक्त आपलीच माणसे बोलणार. दूरचा आवाज जवळ आणण्याहून चांगले काम कोणते?

६ मे
दोन्ही गोदामे जोडली. दिघोरीचा संगणक गोदामाच्या आतच, कोपऱ्यातल्या खोलीत. मोबाइलला रेंज नाही. भय्याजींच्या हुकमाने बाहेरचे सारे मार्ग बंद केले. तिथून फक्त तुमसरशी बोलता येते.
कीड मारायला गोदामात विषारी वायूच्या गोळ्या ठेवून दाराच्या फटी चिखलाने लिंपतात. पूर्वी चौकीदार आधी आत हाक मारायचा. भय्याजींनी त्याला काढला. ते संगणकावरून विचारतात. उत्तर आले नाही, की लिंपायचे. म्हणाले, "चौकीदार कायले पोसू? इथूनच इचारून घेतो ना."

९ मे
आज त्यांनी दिघोरीला विचारले. उत्तर आले: मी आत आहे. सत्यभामा.
तिथले मुकादम मारोतराव आत पाहून आले. कोणीच नव्हते.
आमची कारकून हर्षा जेवण टाकून उठली. मग तिनेच सांगितले. सत्यभामा दिघोरीचा संगणक चालवायची. गेल्या उन्हाळ्यात तेव्हाची जुनी लाइन बंद पडली होती. प्रश्न तिच्यापर्यंत पोचलाच नाही. उत्तर नाही, म्हणून लिंपले.

११ मे
स्वस्त! या शब्दाने या देशात किती माणसे पुरली असतील? दारात जाऊन हाक मारायला काय लागते? एक घसा. तेवढाही यांना महाग.
चौकीदार परत ठेवा, असे भय्याजींना तोंडावर सांगितले. ते हसले. "धम्मदीप, तू भाषण देऊन राहिला का काम करून राहिला?" जुना अडकलेला निरोप आहे, दिघोरीकडून येणारे सगळेच दाबून टाक, म्हणाले.
टाकले. मीच.

१४ मे
त्यांच्या पडद्यावर आता काही येत नाही. माझ्या यंत्रावर येते. मी आत आहे. हाक मारा.
हर्षा म्हणते, तिकडे जाऊ नका.

१६ मे, दुपार
दिघोरी. तिचा संगणक कायमचा काढून न्यायला आलो. मारोतराव जेवायला गेलेले, कुणाला सांगितले नाही—
शटर पडले. ओरडलो. पोत्यांच्या थप्प्या छतापर्यंत, आवाज पुढे जातच नाही.
पडद्यावर तुमसरचा प्रश्न. दिघोरी, आत कोणी आहे का?
लिहिले. मी आत आहे. धम्मदीप. पुन्हा लिहिले. पुन्हा—
दिघोरीचे निरोप तर मीच—
बाहेर चिखल थापतायत. थप. थप. गोळ्यांचा सडक्या लसणासारखा वास—
कळफलकावरून हात उचलले आहेत, हे वहीत लिहितोय. तरी पडद्यावर माझ्या ओळीखाली अक्षरे उमटतायत.
मीही आत आहे. आता आपण दो