भेग लिंपू नये

श्रावण शुद्ध २, शके १८५८

तीर्थस्वरूप हिंमतराव दादांस, धाकट्या मगनचा दंडवत. तुमची गुडघेदुखी आणि छबूबाई वहिनींचा राग, दोन्ही उतरले असतील अशी आशा आहे. इकडे माझा जीव काही भांड्यात पडत नाही.

कारण पाल. मागील महिन्यात मुंबईच्या संग्रहालयाचे एक साहेब आमच्याकडे पाणी प्यायला टेकले आणि देवघराच्या भिंतीकडे पाहून लोटाच सांडून बसले. भेगेत एक जाड, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची पाल होती. (गावात तिला विषारी म्हणतात. ती माणसासारख्या पापण्या मिटते, म्हणून मी तिच्यासमोर धोतरसुद्धा बदलत नाही.) साहेब म्हणाले, हिचा वंश बुडाला असे पुस्तकात छापून चाळीस वर्षे झाली, ही बहुधा शेवटचीच. मारू नका, हलवू नका, भेग लिंपू नका, श्रावणात फोटो काढायला येतो. वर एका कागदावर माझी सही घेतली. मी मराठी चौथी नापास, कागद इंग्रजी. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही.

आणि येत्या रविवारी आपल्या भाऊबंदकीची कानबाई माझ्याकडे! घर लिंपल्या-सारवल्याशिवाय देवी बसत नाही, हे तुम्हांस काय सांगावे? तुमची धाकटी भावजय गुलाबबाई शेणामातीचा गोळा घेऊन भेगेपुढे उभी, मी तिच्यापुढे आडवा. म्हणते, "तुमना सायेब कानबाईले जबाब दी का?" दोन दिवस चूल पेटली नाही. (शेजारच्या रुखमाबाईने भाकरी दिली, वर विचारते, "पालले बी दिऊ का?")

तेव्हा दादा, तुम्ही वडील. यंदा कानबाई कोरीटला तुमच्या घरी बसावी. देवीचा नारळ टोपलीत, लाल फडक्यात बांधून रेवजी गड्याबरोबर पाठवत आहे. नाही म्हणू नये.

आपला, मगन

ता. क. रेवजीने गाडी जुंपली आहे. भेग रिकामी दिसते. टोपलीचे फडके जरा उचलून पाहिले, तर नारळामागून कोणीतरी पापणी मिटली. हात घालण्याची माझी छाती नाही. गुलाबबाई म्हणते, ती आपल्या पायांनी कानबाईबरोबर निघाली, आपण अडवणारे कोण? म्हणून टोपली एखाद्या भेगेजवळ अलगद ठेवावी आणि तेवढी भिंत लिंपू नये. वहिनींना काय सांगायचे ते तुम्ही पाहा. साहेबांना तुमचा पत्ता कळवतो.

ता. क. दुसरा. परत पाठवू नये. एवढे लिहीपर्यंत गुलाबबाईने आमची भेग लिंपून टाकली. दादा, तिला जपा. पालीला म्हणतो.