धूळ नव्हती, हार्लन

हार्लन,

'प्रिय' लिहून खोडलंय.

तुझा लेख वाचला. ढगांआडच्या शुक्राची जमीन आपल्या वेधशाळेच्या डोंगरावरून दिसली म्हणे! इन्फ्रारेड कॅमेऱ्यातला तो काळा ठिपका म्हणजे भोवतालपेक्षा थंड असलेला पर्वत. आणि खाली तळटीप: 'आधीच्या ऑपरेटरने ती कॅमेऱ्यावरची धूळ समजून सोडून दिली.'

आधीची ऑपरेटर मीच ना रे? त्या संध्याकाळी शुक्र मावळायला वीस मिनिटं असताना मीच ओरडले होते, "दुर्बीण जरा सरकवू? धूळ असेल तर चित्रात शुक्र सरकेल, पण ठिपका जागचा हलणार नाही!" तू बरिटो चावत म्हणालास, "डेल्फिना, तू दुर्बीण चालव, विज्ञान माझ्यावर सोड. धूळ आहे. लिही."

तू कॉफी आणायला गेलास आणि मी दुर्बीण सरकवली. ठिपका शुक्राबरोबर सरकला.

हे सगळं तुझ्या तोंडावर मारायचं म्हणून पुरावा शोधायला जुनी नोंदवही काढली. त्या तारखेपुढे माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'धूळ'. खाली माझी सही. पुढे वेळ घातलीय, ठिपका सरकल्यानंतर सहा मिनिटांची.

तुझी आधीची ऑपरेटर,
डेल्फिना बाका